दूरदर्शनचा दिवस : मिश्र कार्यक्रमपत्रिकेची घडण आणि वाटचाल

एकाच वाहिनीवर, एकाच दिवसात, शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी, कामगार, बालके, संगीतरसिक आणि क्रीडाप्रेमी अशा भिन्न प्रेक्षकवर्गांसाठी नियत वेळी कार्यक्रम प्रसारित करण्याच्या पद्धतीस मिश्र कार्यक्रमपत्रिका असे म्हटले जाते. सार्वजनिक दूरचित्रवाणीचे हे मूळ स्वरूप होय. भारतात दूरदर्शनने सुमारे तीन दशके जवळजवळ एकट्याने ही पत्रिका चालविली. कोणत्या नागरिकास दिवसाचा कोणता प्रहर द्यावयाचा, कोणत्या भाषेस किती मिनिटे द्यावयाची, हे या पत्रिकेतून ठरत असे. त्यामुळे तिच्या इतिहासात माध्यमाच्या विस्ताराबरोबरच सार्वजनिक धोरणाचाही इतिहास सामावलेला आहे.

दूरदर्शनचा प्रसारणदिवस सकाळपासून रात्रीकडे वाढत गेलेला नाही. आरंभी केवळ संध्याकाळ होती. तिला पुढे रात्र जोडली गेली आणि सकाळ व दुपार सर्वांत शेवटी आल्या. प्रत्येक प्रहराच्या समावेशामागे स्वतंत्र कारण होते.

संध्याकाळ : प्रारंभीचा प्रहर

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. युनेस्कोच्या साहाय्याने उभारलेल्या या केंद्राचे कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस होत आणि ते सामुदायिक संचांवर पाहिले जात. घरोघरी संच असणे त्या काळी कल्पनेपलीकडचे होते. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले. १९६५ मध्ये आकाशवाणीचा एक भाग म्हणून दैनंदिन प्रसारणास आरंभ झाला आणि पाच मिनिटांचे बातमीपत्र पत्रिकेत आले.

या पत्रिकेस ग्रामीण परिमाण देणारा महत्त्वाचा कार्यक्रम म्हणजे ‘कृषी दर्शन’. २६ जानेवारी १९६७ रोजी तो दिल्लीच्या परिसरातील ८० गावांसाठी सुरू झाला. अंतराळ संशोधनाचे अध्वर्यू विक्रम साराभाई यांचा या प्रयोगास पाठिंबा होता. शेतकरी शेतातून परतल्यानंतरची वेळ या कार्यक्रमासाठी राखण्यात आली. प्रेक्षकाच्या दिनक्रमाप्रमाणे प्रसारणाची वेळ ठरविण्याचे तत्त्व येथून रुजले आणि पुढील अनेक वर्षे सायंकाळचा प्रथम भाग ग्रामीण प्रेक्षकांसाठी राखला गेला.

या तत्त्वाची सर्वांत व्यापक चाचणी उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगात झाली. ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने राबविण्यात आला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली होती. प्रसारण दररोज चार तास चाले. सकाळचे दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळचे अडीच तास प्रौढांसाठी, अशी त्याची विभागणी होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि लोककला हे विषय हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया या भाषांतून मांडले जात. अनेक गावांना वृत्तपत्राआधी दूरचित्रवाणीची ओळख झाली ती या प्रयोगामुळे.

मुंबई केंद्राची चतुर्भाषिक पत्रिका

दिल्लीनंतर देशातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. मुंबई हे बहुभाषिक महानगर असल्याने केंद्राच्या मर्यादित वेळेत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषांना स्थान द्यावे लागले. ही विभागणी बालकांच्या कार्यक्रमांतही दिसते. मराठीत ‘किलबिल’, गुजरातीत ‘संताकूकडी’, हिंदीत ‘खेल खिलौने’ आणि इंग्रजीत ‘मॅजिक लॅम्प’ असे चार स्वतंत्र कार्यक्रम एकाच केंद्रावरून प्रसारित होत. घरात संच एक आणि वाहिनीही एकच असल्याने मराठी घरातील मुले गुजराती कार्यक्रम पाहत आणि गुजराती घरांतील मुले मराठी.

प्रौढांसाठीही असेच वैविध्य होते. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, ‘ज्ञानदीप’ हा लोकशिक्षणाचा, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा साहित्य व कलाविषयक, तर ‘गजरा’ हा नाट्यछटा व प्रहसनांचा कार्यक्रम होता. ‘ज्ञानदीप’च्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी मंडळे स्थापन करून कार्यक्रमातील विषयांचा पाठपुरावा केला. चि. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवर आधारित चिमणराव-गुंड्याभाऊंच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी प्रमुख भूमिका केल्या. अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांमुळे प्रमाण मराठीच्या उच्चारणाचा एक आदर्श घरोघरी पोहोचला. अभिनेत्री स्मिता पाटील यांचा परिचय मराठी प्रेक्षकांस प्रथम झाला तोही याच केंद्राच्या वृत्तनिवेदिका म्हणून.

आठवड्यात कोणता कार्यक्रम केव्हा होईल हे सांगणारा ‘साप्ताहिकी’ हाही एक कार्यक्रमच होता. तो पाहून कुटुंबे आपल्या आठवड्याचे नियोजन करीत. प्रक्षेपणात बिघाड झाल्यास पडद्यावर ‘व्यत्यय’ ही पाटी येई आणि प्रेक्षक ती हटण्याची प्रतीक्षा करीत, कारण दुसऱ्या वाहिनीकडे वळण्याचा पर्यायच नव्हता.

रात्र : राष्ट्रीय कार्यक्रम आणि भाषेचा प्रश्न

१ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. त्याच वर्षाच्या आरंभापासून जाहिराती स्वीकारण्यास सुरुवात झाली होती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी उपग्रहाद्वारे देशभर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत प्रसारणाचाही आरंभ झाला. त्या वर्षाच्या अखेरीस दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांनी रंगीत संचांची मागणी वाढविली. १९८४ मध्ये काही महिने जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक कार्यान्वित होत होता.

यामुळे रात्रीचा प्रहर राष्ट्रीय झाला. सायंकाळी प्रादेशिक केंद्रांचे कार्यक्रम, त्यानंतर दिल्लीहून सहक्षेपण, अशी विभागणी स्थिरावली. जुलै १९८४ मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका, त्यानंतरच्या ‘बुनियाद’ आणि ‘नुक्कड’, तसेच आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखेवर आधारित ‘वागळे की दुनिया’ या मालिका देशभर एकाच वेळी पाहिल्या गेल्या. मुंबईतील एका मराठी कारकुनाच्या संसारातील अडचणी त्यामुळे काश्मीरपासून केरळपर्यंतच्या प्रेक्षकांच्या परिचयाच्या झाल्या. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सुरभि’ या सांस्कृतिक कार्यक्रमाच्या प्रश्नांना येणाऱ्या पोस्टकार्डांची संख्या लाखांच्या घरात जात असे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. रात्रीचा सर्वाधिक पाहिला जाणारा काळ मुख्यतः हिंदी आणि इंग्रजी कार्यक्रमांना मिळाल्याने अन्य भाषांना सायंकाळच्या वेळेवर समाधान मानावे लागले. दक्षिणेकडील राज्यांतून, विशेषतः तमिळनाडूतून, याविषयी तीव्र नाराजी व्यक्त झाली. १९८२ मध्ये अर्थतज्ज्ञ पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा सविस्तर आढावा घेतला. भारतीय दूरचित्रवाणीस स्वतःचे व्यक्तिमत्त्व असावे, कार्यक्रमनिर्मिती महानगरांपुरती मर्यादित राहू नये आणि स्त्रियांचे चित्रण साचेबद्ध नसावे, हा त्याच्या अहवालाचा रोख होता.

रात्रीच्या पत्रिकेत अस्वस्थ करणाऱ्या विषयांनाही स्थान मिळाले. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तमस’ या फाळणीविषयक मालिकेचे प्रसारण रोखण्यासाठी १९८८ मध्ये न्यायालयात याचिका दाखल झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने प्रसारणास अनुमती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. भूतकाळातील हिंसेचे चित्रण समाजाला सावध करण्यासाठीही असू शकते, ही भूमिका या निर्णयांमुळे दृढ झाली.

सकाळ आणि दुपार

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या देशव्यापी शैक्षणिक कार्यक्रमांचे प्रसारण १५ ऑगस्ट १९८४ पासून सुरू झाले. ज्या लहान शहरांत सुसज्ज प्रयोगशाळा वा ग्रंथालये नव्हती, तेथील महाविद्यालयीन विद्यार्थी हा त्याचा मुख्य प्रेक्षकवर्ग होता. १९८७ मध्ये सकाळचे आणि १९८९ मध्ये दुपारचे नियमित प्रसारण सुरू झाल्यानंतर पत्रिकेस पूर्ण दिवसाचे रूप आले. सकाळी बातम्या, योगासने, आरोग्यविषयक सल्ला आणि संगीत यांना, तर दुपारी मुख्यतः स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमांना आणि मालिकांना स्थान मिळाले.

रविवारची विशेष पत्रिका

रविवारची पत्रिका आठवड्यातील अन्य दिवसांहून वेगळी असे. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी प्रसारित झालेल्या ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून आलेल्या ‘महाभारत’ या मालिकांच्या वेळी रस्ते ओस पडत. त्याआधी १९८५ मध्ये ‘रजनी’ या मालिकेत प्रिया तेंडुलकर यांनी साकारलेली गृहिणी गॅसवितरणापासून टॅक्सीचालकांच्या वर्तनापर्यंत नागरी गैरसोयींवर बोट ठेवीत असे. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका इतिहासाच्या गंभीर मांडणीसाठी ओळखली गेली.

रविवारच्या दुपारी कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेतील बातमीपत्र आणि प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखविला जाई. आज त्या चित्रपटांची आठवण अनेकजण विनोदाने काढतात. पण त्यांचे मोल मोठे होते. राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मल्याळम, बंगाली, असमिया, कन्नड वा मराठी चित्रपट आपल्या राज्याबाहेर पाहण्याची ती बहुतेकांना मिळणारी एकमेव संधी होती. आपल्या भाषेतील चित्रपटाची पाळी कधी येते, याची वाट पाहत प्रेक्षक अन्य भाषांतील चित्रपटही पाहत राहिले.

पत्रिका बाजूला ठेवण्याचे दिवस

सार्वजनिक वाहिनीच्या जबाबदारीचा आणखी एक भाग म्हणजे प्रसंगी ठरलेली पत्रिका रद्द करणे. प्रजासत्ताक दिनाचे संचलन, स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून होणारे पंतप्रधानांचे भाषण, निवडणुकांचे निकाल, राष्ट्रीय शोक आणि नैसर्गिक आपत्ती या प्रसंगी नेहमीचे कार्यक्रम मागे सारले जातात. २५ जून १९८३ रोजीचा विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना, एप्रिल १९८४ मध्ये अंतराळवीर राकेश शर्मा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी साधलेला संवाद आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेला इंदिरा गांधींचा अंत्यविधी हे प्रसंग देशाने दूरदर्शनवर पाहिले. १९९४ मध्ये संसदेच्या प्रश्नोत्तराच्या तासाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले. १९९८ पासून मान्यताप्राप्त राजकीय पक्षांना निवडणूक काळात आकाशवाणी व दूरदर्शनवर विनामूल्य वेळ देण्याची व्यवस्था लागू आहे.

क्रीडा प्रसारणाचे हक्क खासगी वाहिन्यांकडे गेल्यानंतर २००७ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे संकेत हक्कधारकांनी प्रसार भारतीस उपलब्ध करून द्यावेत, असे बंधन त्याद्वारे घालण्यात आले. हे प्रक्षेपण दूरदर्शनचे स्वतःचे भूप्रक्षेपण आणि विनामूल्य उपग्रह सेवा यांपुरतेच मर्यादित राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. ज्यांना सशुल्क वाहिन्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी ही तरतूद आजही उपयुक्त आहे.

कायद्यातील प्रेक्षक

नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची वा कोणा खासगी संस्थेची मक्तेदारी असू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. १९९० मध्ये संमत झालेला प्रसार भारती कायदा सप्टेंबर १९९७ मध्ये अमलात आला आणि त्या वर्षी २३ नोव्हेंबर रोजी महामंडळ अस्तित्वात आले.

या कायद्याचे बारावे कलम मिश्र कार्यक्रमपत्रिकेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. देशाचे ऐक्य व घटनेतील मूल्ये जपणे आणि सार्वजनिक हिताच्या सर्व विषयांची मुक्त, सत्य व वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क राखणे ही उद्दिष्टे त्यात नमूद आहेत. शिक्षण, साक्षरता, शेती, ग्रामविकास, पर्यावरण, आरोग्य आणि विज्ञान यांकडे विशेष लक्ष द्यावे. विविध प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान द्यावे. स्त्रिया, बालके, वृद्ध, कामगार, अल्पसंख्य, आदिवासी आणि दुर्बल घटकांच्या गरजा भागवाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. दूरदर्शनच्या जुन्या दिवसातील निरनिराळे प्रहर ज्यांच्यासाठी राखलेले होते, बहुतांशी त्याच वर्गांची ही यादी आहे. अनेक दशकांच्या प्रथेस कायद्याचा आधार मिळाला. स्वायत्ततेचा प्रश्न मात्र वादाचा राहिला. महामंडळास अद्याप मोठ्या प्रमाणावर शासकीय अनुदानावर अवलंबून राहावे लागते आणि हा मुद्दा संसदेत व माध्यमक्षेत्रात सातत्याने चर्चिला जातो.

एका दिवसाच्या अनेक वाहिन्या

१९९१ नंतर केबलद्वारे विदेशी वाहिन्या घरांत आल्या आणि १९९२ मध्ये देशातील खासगी उपग्रह वाहिन्यांचा काळ सुरू झाला. दूरदर्शननेही आपल्या पत्रिकेचे भाग स्वतंत्र वाहिन्यांत विभागले. प्रादेशिक भाषांसाठी उपग्रह वाहिन्या आल्या. मराठी वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढे ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कला व संस्कृतीसाठी २००२ मध्ये डीडी भारती, बातम्यांसाठी २००३ मध्ये डीडी न्यूज आणि शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये डीडी किसान या वाहिन्या सुरू झाल्या. दिल्लीभोवतीच्या ८० गावांसाठी सुरू झालेल्या एका छोट्या कार्यक्रमाचा विषय आता चोवीस तासांच्या वाहिनीचा झाला.

या विभागणीचा लाभ उघड आहे. प्रत्येक वर्गास भरपूर वेळ मिळाला आणि मराठीस रात्रीचा प्रमुख काळही परत मिळाला. परंतु शेतीचा कार्यक्रम शेतकऱ्यापुरता आणि शास्त्रीय संगीत रसिकापुरते उरले. जुन्या व्यवस्थेत बातम्यांची वाट पाहणाऱ्या शहरी कुटुंबाच्या कानांवर कापसावरील किडीची माहिती पडे आणि चित्रगीतांसाठी बसलेल्या मुलास सतारवादन ऐकावे लागे. ही ओळख पर्याय नसल्यामुळे घडत होती, हे खरे. तरीही समाजातील अन्य घटकांच्या जीवनाशी असा नित्य परिचय घडविणारी दुसरी व्यवस्था त्यानंतर उभी राहिलेली नाही. आवडीनुसार निवडलेले कार्यक्रम भ्रमणध्वनीवर पाहण्याच्या काळात ही उणीव अधिक जाणवते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी प्रेक्षक

भूप्रक्षेपणाच्या काळात मराठी कार्यक्रम मुख्यतः प्रक्षेपकाच्या टप्प्यापुरते मर्यादित होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मराठी कुटुंबांना मराठी दूरचित्रवाणी पाहण्यास सुटीत महाराष्ट्रात यावे लागे. उपग्रह प्रसारणाने ही मर्यादा संपुष्टात आणली. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेसाठी मासिक शुल्क भरावे लागत नाही. एकदा छत्री आणि सेट टॉप बॉक्स घेतला की देशाच्या कोणत्याही भागात सह्याद्री वाहिनी पाहता येते. जेथे मराठी शाळा नाही आणि मराठी वृत्तपत्र पोहोचत नाही, तेथे सायंकाळच्या मराठी बातम्या हा भाषेशी असलेला रोजचा दुवा ठरतो.

२०२० ची कसोटी

कोरोना महासाथीच्या काळात सार्वजनिक दूरचित्रवाणीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होताच दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांचे पुनःप्रसारण सुरू केले व त्यास मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. याहून मोलाचे काम शिक्षणाच्या क्षेत्रात झाले. शाळा बंद असताना ज्या घरांत स्मार्टफोन वा इंटरनेट नव्हते, तेथील मुलांसाठी अनेक राज्यांत दूरदर्शनवरून पाठ प्रसारित झाले. महाराष्ट्रात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठीची मालिका दाखविण्यात आली. प्रत्येक इयत्तेस दिवसाची वेळ ठरवून देण्यात आली होती. ‘साइट’ प्रयोगानंतर साडेचार दशकांनी दिवसाचे तास पुन्हा एकदा शाळकरी मुलांमध्ये वाटले गेले.

दूरदर्शनचे बहुतेक जुने भूप्रक्षेपक आता बंद झाले असून प्रसारण मुख्यतः उपग्रह, केबल आणि इंटरनेट या मार्गांनी होते. प्रत्येक वाहिनीची कार्यक्रमपत्रिका आजही ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ या नावाने आखली जाते. तिच्यातील कोणत्या नोंदी जाहिरातींच्या उत्पन्नावर ठरवावयाच्या आणि ज्यांच्यासाठी दुसरे कोणी कार्यक्रम करीत नाही अशा नागरिकांना किती वेळ द्यावयाचा, हा १९६७ मध्ये ‘कृषी दर्शन’च्या वेळी सोडविलेला प्रश्न प्रत्येक नवी पत्रिका आखताना पुन्हा सोडवावा लागतो.